पाहिलंस, की ऐकलंस?

इरफान खान गेला तेव्हा टाळेबंदी चालू होती. २९ एप्रिल २०२०. त्या आठवड्यात ज्याने त्याने आपापला इरफान शोधून काढला. कुणी ‘मकबूल’ लावला, कुणी ‘लंचबॉक्स’. मला एका मैत्रिणीने मेसेज केला की ‘टोकियो ट्रायल’ बघ, हे कुणीच बघितलेलं नसतं. मग चार रात्री चार भाग, फोनवर, कानात इअरफोन घालून.

२०१६ सालची ही मालिका. जपानच्या एनएचके वाहिनीने परदेशी निर्मात्यांना सोबत घेऊन केलेली, नंतर नेटफ्लिक्सवर आलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या नेत्यांवर आणि सेनापतींवर टोकियोत जो खटला चालला, त्याची गोष्ट. आरोपी २८, न्यायाधीश ११ आणि तेही ११ देशांचे. ३ मे १९४६ ला सुरू झालेलं काम नोव्हेंबर १९४८ पर्यंत चाललं. इरफान यात राधाबिनोद पाल आहे. कलकत्ता उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेले पाल हिंदुस्थानातर्फे त्या खंडपीठावर होते आणि सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारे ते एकटेच. त्यांचं भिन्नमताचं निकालपत्र बाराशेहून जास्त पानांचं आहे.

तेव्हा मला मालिका फार आवडली होती. आवडली म्हणजे इरफान आवडला. बोलण्याआधी तो जे थोडं थांबतो ते. समोरचा गोरा न्यायाधीश रागावलेला असताना याच्या चेहऱ्यावर जी पेंगुळल्यासारखी शांतता असते ती. यंदा पुन्हा पाहिली, आणि या वेळी अर्ध्यातच चिडचिड व्हायला लागली. इरफानवर नाही, मालिकेवर.

चिडचिडीचं कारण सांगायला थोडा वेळ लागेल, पण साधं आहे. ‘वेगवेगळ्या संस्कृतींची माणसं एका कोर्टात आली तर काय होतं’ हा या खटल्यातला सगळ्यात अवघड प्रश्न. मालिकेने त्याचं उत्तर दिलंय ते असं, की अकरा देशांचे अकरा न्यायाधीश वेगवेगळ्या उच्चारांत एकच इंग्रजी बोलतात. बंद खोलीत, जेवणाच्या टेबलावर, हॉटेलच्या आवारात. आक्रमक युद्ध हा १९३७ साली गुन्हा होता का? जिंकलेल्याने हरलेल्याचा न्याय करावा का? प्रश्न मोठे आहेत, संवाद चांगले आहेत. पण ही माणसं एकमेकांना नीट समजत होती. मतं पटत नव्हती, एवढंच. कायद्याची भाषा त्यांची सामायिकच होती.

खरी गडबड खाली, कोर्टात चालली होती. तिथे मालिका जाते ती जुन्या चित्रफितीतून. हेडफोन लावलेले आरोपी दिसतात, तोजो दिसतो. पण त्या हेडफोनमधून कुणाचा आवाज येतोय, हा प्रश्न कॅमेऱ्याला पडत नाही. लक्षात राहील असा एकही दुभाषा या चार भागांत नाही.

आता थोडं दुभाषांबद्दल. न्युरेम्बर्गला नाझींवर खटला चालला तेव्हा एकाच वेळी बोलणं आणि भाषांतर, अशी नवी सोय केली होती. टोकियोतही यंत्रं तीच होती, पण आधी लिहून आणलेला मजकूर वाचायचा असेल तेव्हाच ती तशी वापरता यायची. एरवी साक्षीदाराने थांबायचं, दुभाषाने सांगायचं, मग पुढे. का, ते मराठी माणसाला चटकन कळेल. ‘मी त्या दिवशी त्या गावात त्या अधिकाऱ्याबरोबर गेलो...’ इथपर्यंत ऐकून तुम्ही काय भाषांतर कराल? शेवटी ‘होतो’ येतंय की ‘नव्हतो’, त्यावर सगळं. जपानी भाषाही आपल्यासारखीच, क्रियापद शेवटी आणि नकारही शेवटी. इंग्रजीला नकार आधी हवा. साक्षीदाराचं तोंड मिटेपर्यंत दुभाषाला तोंड उघडता येत नाही, आणि तोवर इंग्रजीत विचार करणारा वकील घड्याळाकडे बघू लागतो.

त्यात ही व्यवस्था तीन मजली होती. तळाला जपानी दुभाषे. त्यांच्यावर नजर ठेवायला चार ‘मॉनिटर’, जपानी वंशाचे अमेरिकन. आणि त्यांच्याही वर, वादाचा निकाल द्यायला अमेरिकन लष्कराची माणसं. भाषा सर्वांत चांगली येणारे सर्वांत खाली, आणि वर जावं तसं भाषेपेक्षा भरवसा मोजलेला. कायोको ताकेदा यांनी २०१० साली या दुभाषांवर एक अख्खं पुस्तक लिहिलंय. ही उतरंड भाषेच्या गरजेइतकीच संशयातून आलेली होती, हे त्यातून दिसतं.

मॉनिटरांपैकी एक डेव्हिड अकिरा इतामी. जन्म कॅलिफोर्नियातला, बालपण जपानमधल्या कागोशिमात, मग परत अमेरिका. युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं. हा मांझानारच्या छावणीत. तिथून अमेरिकेच्याच लष्करी गुप्तवार्ता विभागात. आणि शेवटी टोकियोच्या कोर्टात, एका देशाच्या माणसांना फासावर चढवू शकतील असे शब्द दुसऱ्या देशाच्या भाषेत बरोबर उतरतायत ना, हे पाहण्याचं काम. १९५० साली त्याने आत्महत्या केली. यामासाकी तोयोको यांच्या ‘दोन मायभूमी’ अशा अर्थाच्या कादंबरीचा नायक त्याच्यावरून घेतलेला. १९८४ साली त्या कादंबरीवर वर्षभर चालणारी मालिका निघाली. ती कुणी काढली? एनएचकेने. म्हणजे ज्या वाहिनीने एकदा दुभाषाला नायक केलं, तिनेच बत्तीस वर्षांनी जगभरच्या प्रेक्षकांसाठी तोच खटला करताना त्याला वगळलं. इंग्रजी येणाऱ्या प्रेक्षकाला दुभाषाची आठवण करून दिली की तो अस्वस्थ होतो, असं काही त्यांना वाटलं असेल का? मला आपलं वाटतं.

यामुळे पाल यांच्यावरही अन्याय झालाय. आपल्याकडे पाल म्हणजे गोऱ्यांना सुनावणारा एकटा हिंदुस्थानी. अधूनमधून व्हॉट्सअॅपवर त्यांच्यावरचा लांबलचक फॉरवर्ड येतो, त्यात जपानमधल्या त्यांच्या स्मारकाचा फोटो असतो. तो फोटो यासुकुनी देवस्थानातला असेल तर फाशी गेलेल्या युद्धगुन्हेगारांचीही तिथे पूजा होते, हे त्या फॉरवर्डमध्ये नसतं. मालिका या फॉरवर्डपेक्षा कितीतरी शहाणी आहे, पण तिचेही पाल मुख्यतः तत्त्वं बोलतात. त्यांच्या निकालपत्रातला मला सर्वांत भावलेला भाग तत्त्वांचा नाही, तारांचा आहे. पर्ल हार्बरच्या आधी, नोव्हेंबर १९४१ मध्ये, परराष्ट्रमंत्री तोगो वॉशिंग्टनमधल्या आपल्या राजदूताला तारा पाठवत होते. अमेरिकेने त्या चोरून वाचल्या, घाईघाईत इंग्रजीत आणल्या, आणि पुढे तीच भाषांतरं कोर्टात पुरावा म्हणून आली. मूळ जपानीत आशय होता की ही जवळपास आमची शेवटची सवलत आहे. इंग्रजीत ते ‘सुधारित अल्टिमेटम’ झालं. सवलत देणारा माणूस आणि धमकी देणारा माणूस यांच्यात केवढं अंतर! बचाव पक्षाने हे कोर्टात दाखवलं, आणि पाल यांनी मूळ आणि भाषांतर शेजारी ठेवून पाहिलं. बाकी सगळं बाजूला ठेवलं तरी एवढ्यासाठी मी त्यांना मानते.

पण मग तीच बारीक नजर ते नानजिंगकडे वळवतात आणि माझी पंचाईत होते.

डिसेंबर १९३७ मध्ये जपानी सैन्य नानजिंगमध्ये शिरलं. जॉन मॅगी नावाचा अमेरिकन पाद्री तेव्हा तिथे होता. त्याने जखमींची चित्रफीत काढली, लोकांना आसरा दिला. ऑगस्ट १९४६ मध्ये तो टोकियोत साक्षीला उभा राहिला. बलात्कार, सामूहिक हत्या, प्रेतं, एकामागून एक सांगत गेला. मग उलटतपासणीत त्याला विचारलं गेलं की यातल्या किती हत्या तुम्ही स्वतः पाहिल्या? त्याने प्रामाणिक उत्तर दिलं. एक. एका माणसाला सैनिकांनी हटकलं, तो घाईने चालायला लागला, पुढे बांबूचं कुंपण होतं, वाट नव्हती, त्यांनी त्याला गोळी घातली. तेवढी एकच.

हे ‘एक’ तेव्हापासून नानजिंग झालंच नाही म्हणणाऱ्यांच्या हातातलं हत्यार आहे. पाल त्या पंक्तीतले नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवं. नानजिंगमधलं जपानी सैनिकांचं वागणं अत्यंत क्रूर होतं, साक्षींतून जे काही वजा करायचं ते करूनही यात शंका उरत नाही, असं त्यांनी लिहिलं आहे. पण तिथे पोचण्याआधी ते साक्षीदारांकडे ज्या संशयाने बघतात, त्यात एक गृहीत आहे. जे डोळ्यांनी पाहिलं ते ज्ञान, जे कानांनी ऐकलं ती अफवा.

इथे मला माझी आजी आठवते. पानशेतच्या पुराची गोष्ट ती अशी सांगायची की आम्ही पोरं हातातला लाडू विसरायचो. १२ जुलै १९६१. पाणी कसं चढत आलं, माणसं माळ्यावर कशी चढली, कुणाच्या घरातली पितळी भांडी दुसऱ्या दिवशी कुठल्या गल्लीत सापडली. पंधरा-सोळा वर्षांची झाल्यावर मला कळलं की त्या दिवशी आजी पुण्यात नव्हतीच, सासवडला बहिणीकडे होती. मी शहाणपणा करत विचारलं, “आजी, म्हणजे तू हे पाहिलंच नाहीस?” ती इतकी दुखावली! “मी काय खोटं सांगते का गं?” म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

ती खोटं सांगत नव्हती. मराठीत यासाठी एक चिमुकला शब्द आहे, ‘म्हणे’. ‘पाणी माळ्यापर्यंत आलं म्हणे.’ एवढं एक जोडलं की ऐकणाऱ्याला कळतं, हे सांगणाऱ्याचं नाही, दुसऱ्याकडून आलंय. सुरुवातीला आजीच्या गोष्टीतही ते असणार. वर्षानुवर्षं सांगता सांगता ‘म्हणे’ गळून पडलं. पूर शेजाऱ्यांचा होता, नणंदेचा होता, पेठेचा होता, म्हणून तिचाही होता. काही महिन्यांनी मी वेगळ्या तऱ्हेने विचारलं, “तुला हे कुणी सांगितलं गं?” या वेळी ती रागावली नाही. माळ्याचं नणंदेने सांगितलं, भांड्यांचं दूधवाल्याने, आणि चिखलाचा वास मात्र माझा, परत आले तेव्हा महिनाभर जात नव्हता. सगळं वेगवेगळं करून दिलं. तिला ते पहिल्यापासून माहीत होतं. माझा प्रश्न चुकला होता.

टोकियोनंतर पन्नास वर्षांनी हाच पेच टांझानियातल्या अरुशात उभा राहिला. रवांडात १९९४ साली तुत्सींचा जो संहार झाला, त्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी तिथे न्यायाधिकरण बसवलं. जाँ-पॉल अकायेसु हा ताबा नावाच्या परगण्याचा प्रमुख. त्याच्या खटल्याचा निकाल २ सप्टेंबर १९९८ ला लागला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वंशसंहारासाठी कुणाला दोषी ठरवण्याची ही पहिलीच वेळ. खंडपीठावर सेनेगलचे लाइती कामा, स्वीडनचे लेनार्ट आस्पेग्रेन आणि दक्षिण आफ्रिकेच्या, तमिळ वंशाच्या नवी पिल्ले. साक्षीदार बहुतेक किन्यारवांडा बोलणारे. त्यांचं बोलणं आधी फ्रेंचमध्ये आणि फ्रेंचमधून इंग्रजीत. प्रश्न उलट्या वाटेने.

निकालपत्र म्हटलं की आपल्याला कलमं आठवतात. या निकालपत्रात मधेच न्यायाधीश कोश लिहायला बसतात. ‘इन्येन्झी’ म्हणजे काय? झुरळ. पण साठच्या दशकात रात्री हल्ला करणाऱ्या निर्वासित टोळ्यांनाही तेच नाव होतं. मग रेडिओवर कुणी ‘इन्येन्झी’ म्हणालं तर ते नेमकं कुणाला? मथियास रुझिंदाना या भाषातज्ज्ञाची साक्ष त्यांनी यासाठीच घेतली. संदर्भ पाहिल्याशिवाय अर्थ सांगता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. बलात्कारासाठी साक्षीदार स्त्रिया चार वेगवेगळे शब्द वापरत होत्या. त्यातल्या काहींचा साधा अर्थ ‘लग्न करणं’ किंवा ‘सोबत निजणं’ असाही होतो. दुभाषा चारही ठिकाणी ‘बलात्कार’ म्हणत होता. ते बरोबर की चूक, हे ठरवायला न्यायाधीशांनी कोर्टातल्या दुभाषांनाच विचारलं. टोकियोत तळमजल्यावर ठेवलेली माणसं इथे निकालपत्रात आली.

आणि मग तोच प्रश्न, पाहिलं की ऐकलं? काही साक्षी डोळ्यांदेखतच्या म्हणून सांगितल्या गेल्या आणि खोदून विचारल्यावर दुसऱ्याकडून कळलेल्या निघाल्या. रवांडात सांगण्या-ऐकण्याची परंपरा मोठी, तिथे असं होतं, असं रुझिंदानांनी सांगितलं. एवढ्यावर ते थांबले असते तर मी हा लेख लिहिला नसता. कारण ‘त्यांची संस्कृतीच तशी’ हे वाक्य दुधारी आहे. बाजूने वापरलं तर साक्षीदाराच्या सगळ्या गफलती माफ. विरुद्ध वापरलं तर त्या अख्ख्या लोकांच्या शब्दाला किंमत नाही. पण रुझिंदानांनी पुढे हेही सांगितलं की रवांडाचा समाज बाकी कुठल्याही समाजासारखाच आहे, विचारलं तर पाहिलेलं आणि ऐकलेलं लोक नीट वेगळं करून सांगू शकतात. मग खंडपीठाने प्रत्येक साक्षीत ते वेगळं करून घेण्याचा प्रयत्न केला. तारखा, अंतरं, नकाशे यांत साक्षीदार अडखळले, तेव्हा तेवढ्यावरून त्यांना खोटं ठरवलं नाही.

याचं फळ काय, तेही सांगते. अकायेसुवरच्या मूळ आरोपपत्रात लैंगिक अत्याचाराचा आरोप नव्हता. १९९७ च्या जानेवारीत ‘जे’ या सांकेतिक अक्षराने ओळखली जाणारी एक बाई वेगळ्याच घटनांबद्दल साक्ष देत होती. बोलता बोलता तिने सांगितलं की तिच्या सहा वर्षांच्या मुलीवर तीन पुरुषांनी बलात्कार केला. तिला हे कुणी विचारलेलं नव्हतं. खंडपीठावरच्या एकमेव स्त्री न्यायाधीशाने, पिल्ले यांनी, धागा सोडला नाही. पुढच्या साक्षीदार आणखी बोलल्या. जूनमध्ये आरोपपत्र बदललं, आणि शेवटी बलात्कार हेही वंशसंहाराचं साधन असू शकतं, असं जगात पहिल्यांदा एका न्यायालयाने म्हटलं. टोकियोच्या खटल्यात बलात्काराचे पुरावे ढिगाने आले होते. ज्यांच्यावर तो झाला त्यांना स्वतः बोलावण्याची गरज मात्र क्वचितच वाटली. सांगणारे बहुतेक पाद्री, डॉक्टर, प्राध्यापक.

अरुशाला मी देवळात बसवत नाहीये. त्याच न्यायाधिकरणात २००१ साली दुसऱ्या एका खटल्यात, बलात्कार सोसलेली साक्षीदार उभी असताना बचावाच्या वकिलाच्या प्रश्नांवर न्यायाधीश हसले. हसू वकिलाच्या गबाळेपणावर होतं, असा खुलासा नंतर आला. असेल. पण ती बाई त्या भाषेत नव्हती, तिच्यापर्यंत पोचलं ते फक्त हसू. पुढे वाचलेल्यांच्या संघटनांनी काही काळ सहकार्यच थांबवलं. नॅन्सी कोम्ब्स या अमेरिकन अभ्यासक बाईंनी रवांडा, सिएरा लिओन आणि पूर्व तिमोरच्या खटल्यांची कामकाजपत्रं वाचून एक अप्रिय पुस्तक लिहिलं. साक्षीदारांचं कोर्टातलं बोलणं त्यांच्याच आधीच्या जबाबाशी मोठ्या प्रमाणात जुळत नाही, आणि ‘संस्कृती’ आणि ‘भाषांतर’ ही पांघरुणं न्यायाधीश सढळ हाताने घालतात, असं त्यांचं म्हणणं. मला हे पुस्तक आवडत नाही आणि ते खोडूनही काढता येत नाही. सहा फुटी, पाढे पाठ केल्यासारखं बोलणारा साक्षीदारही खोटा असू शकतो आणि अडखळणारी म्हातारीही. आजी वेगळं करून सांगू शकत होती. तसं न सांगता तेच घटवून, रंगवून सांगणारे नातेवाईकही आमच्या घरात आहेत.

म्हणून परत मालिकेकडे. मला इरफानच्या पालना उत्तर देणारा दुसरा कुणी न्यायाधीश नको होता, तसे मालिकेत पुरेसे आहेत. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ तुम्ही पाहिला असेल तर आठवा. मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती अशा भाषांतून लोकशाहीर नारायण कांबळेचा खटला कसा रेंगाळत जातो ते. तिथे कुणी मोठं भाषण करत नाही. एका भाषेत बोललेलं दुसऱ्या भाषेत टाइप होताना काय गळतं, हे कॅमेरा नुसता बसून पाहत राहतो. टोकियोत हे सगळं हजारपट होतं, आणि तेही माणसं फासावर जाणार असताना. सात जण गेलेच, २३ डिसेंबर १९४८ ला.

पाचवा भाग कुणी केलाच तर तो दुभाषांच्या काचेच्या खोलीत करावा. इतामी कानाला हेडफोन लावून बसलाय. समोर साक्षीदार लांबलचक जपानी वाक्य बोलतोय, क्रियापद अजून यायचंय. वकील टेबलावर पेन्सिल आपटतोय. तळाचा दुभाषा भाषांतर करताना एक शब्द किंचित हलका करतो. इतामीचं बोट बटणावर आहे.